वेगळ्या राजकीय मतांचे नातेवाईक: तुमच्याकडे कसं निभावतात?

ओवी

राजकारणावरून घरात वाद पूर्वीही व्हायचे, पण बाजू ठरलेल्या असायच्या. काका काँग्रेसचे, मामा जनसंघाचे, हे पोरासोरांनाही ठाऊक असायचं आणि ते धरूनच सगळे वागायचे. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि कालपर्यंत एकाच टेम्पोतून सभेला जाणारे सख्खे भाऊ एकमेकांना गद्दार म्हणायला लागले. परक्या पक्षातल्या माणसाशी कसं वागायचं ते आपल्याला येत होतं. आपल्याच पक्षातून पलीकडे गेलेल्या भावाशी कसं वागायचं, ते मात्र अजून कुणाला उमगलेलं दिसत नाही.

आमच्याकडची गोष्ट सांगते. सासर डोंबिवलीचं, सासरे लहानपणापासून संघाच्या शाखेत जाणारे. माहेर सातारा जिल्ह्यातलं, जुनं काँग्रेसी घर, आजोबांच्या खोलीत अजून यशवंतराव चव्हाणांचा फोटो आहे. या दोन घरांचं एकमेकांशी उत्तम जमतं. सासरे आणि माझे बाबा तासन् तास भांडतात आणि मग दोघं मिळून चहा मागतात. अडलंय ते नवऱ्याच्या दोन मावसभावांचं. दोघेही एकाच शाखाप्रमुखाच्या हाताखाली तयार झालेले शिवसैनिक. आता धाकटा धनुष्यबाणाकडे आहे, थोरला मशालीकडे. गौरीच्या जेवणाला सगळे आमच्याकडे असतात. गेल्या वर्षी पुरणपोळी पानात पडलेली असताना धाकटा "खरी शिवसेना" एवढंच म्हणाला, पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत थोरला हात धुवायला उठला आणि परत पंगतीत बसलाच नाही. यंदा दोघांपैकी कुणी येणार नाही असं मावससासूबाईंनी कळवलंय. फोनवर सांगताना त्यांना रडू आवरत नव्हतं.

"घरात राजकारणाचा विषयच काढायचा नाही" हा नियम आम्ही करून पाहिला आहे. त्यानं काय झालं, तर राजकारणाबरोबर रस्ता, पाणी, शाळेची फी, मुलाची नोकरी, सगळंच बोलायचं बंद झालं, कारण कुठलाही विषय दोन मिनिटांत तिकडेच वळतो. मग माणसं पाऊस आणि मालिका एवढ्यावरच बोलत बसतात. असं पोकळ झालेलं नातं मला नकोय. म्हणून विचारते, तुमच्याकडे कसं निभावतात? उपदेशापेक्षा अनुभव लिहिलेत तर फार उपयोग होईल.

कोकणकडा

धागा चांगला आहे, वाचतोय. आमच्या सिंधुदुर्गात २०२४ च्या विधानसभेला दोन सख्खे भाऊ शेजारशेजारच्या मतदारसंघांतून दोन चिन्हांवर निवडून आले. कणकवलीतून नितेश राणे कमळावर, कुडाळमधून नीलेश राणे धनुष्यबाणावर. पुढाऱ्यांच्या घरी हे सगळं व्यवस्थित चालतं, त्यांची घरं काही मोडत नाहीत. मोडतात ती कार्यकर्त्यांची. तुमच्या मावसदिरांना हेच कुणीतरी समजावून सांगायला हवं.

भीमथडी

कोकणकडा, ते दोघे एकाच युतीत होते, त्यामुळे ते उदाहरण इथे लागू होत नाही. आणि पुढाऱ्यांच्या घरी काही तुटत नाही हे मला अजिबात पटत नाही. मी बारामती तालुक्यातला आहे, डोळ्यांनी पाहिलंय. पवारांच्या घरचा दिवाळी पाडवा म्हणजे आमच्या भागाचा ठरलेला दिवस. गोविंदबागेत सगळं कुटुंब एकत्र दिसायचं, लोक रांगा लावून भेटायचे. २०२४ च्या दिवाळीत पाडवे दोन झाले, शरद पवारांचा गोविंदबागेत, अजित पवारांचा काटेवाडीत. त्या दिवशी आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मी विसरणार नाही. आपल्याच घरात वाटणी झाल्यासारखे दिसत होते.

पण त्या वर्षी लोकांनी जे केलं ते इथे लिहिण्यासारखं आहे. मे महिन्यात लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय अशी लढत झाली आणि सुप्रिया सुळे १ लाख ५८ हजारांहून जास्त मतांनी निवडून आल्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला काका अजित पवार विरुद्ध त्यांचा पुतण्या अशी लढत झाली आणि अजित पवार जवळपास १ लाखाच्या फरकानं निवडून आले. सहा महिन्यांत तोच तालुका. "लोकसभेला ताई, विधानसभेला दादा" असं लोक उघड बोलत होते. बाहेरच्या वार्ताहरांना हे कोडं वाटलं, आम्हाला नाही वाटलं. घराघरांत भांडण शिरलं होतं आणि लोकांनी ते असं मिटवून टाकलं. आमच्या घरात वडील एकीकडे आणि चुलते दुसरीकडे होते. दोघांनी एकमेकांना सांगून टाकलं, एकदा तुझं, एकदा माझं. पाडव्याला दोघेही दोन्हीकडे जाऊन नमस्कार करून आले. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. दोन्हीकडच्या कामांचं ऋण होतं आणि ते दोन्हीकडे फेडलं.

चाफा

भीमथडी, प्रतिसाद फार आवडला.

आमच्याकडे उपाय साधा केला. कुटुंबाचे व्हॉट्सॲप गट दोन. एक घरचा, त्यात वाढदिवस, आजारपण, लग्नाच्या तारखा, फोटो. दुसरा "चावडी", ज्याला वाद घालायचाय त्यानं तिथे यावं, सक्ती नाही. आणखी एक नियम आहे: ज्या संदेशावर दोन बाणांची "अनेकदा फॉरवर्ड केलेला" खूण आहे तो दोन्हीकडे टाकायचा नाही. स्वतः टाइप केलेलं काहीही चालेल, अगदी शिव्यासुद्धा. यामुळे ऐंशी टक्के कटकट संपली, कारण बहुतेकांकडे स्वतःचं टाइप करण्यासारखं फारसं नसतंच. व्हॉट्सॲपनं स्वतः २०२० मध्ये असे संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील अशी मर्यादा घातली, त्याअर्थी तो रोग त्यांनाही दिसला होता.

निळी_पहाट

ओवी, तुझी कळकळ समजते. पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, नाहीतर सगळे मतभेद एकाच पोत्यात भरले जातील.

माझं आंतरजातीय लग्न आहे. मी बौद्ध, सासर मराठा, मराठवाड्यातलं. कुठला पक्ष, कुठला पुढारी, ऊसदर, समृद्धी महामार्ग यावर माझे आणि सासरच्यांचे कितीही मतभेद असले तरी मला त्याचं काही वाटत नाही. पण दर वर्षी ६ डिसेंबरच्या आसपास घरच्या गटावर दादरच्या गर्दीबद्दल एक घाणेरडा संदेश फिरायचा. लोक फुकट रेल्वेनं येतात, घाण करतात वगैरे. टाकणारे दीर. खाली दहा जणांचे हसरे चेहरे. त्या गर्दीत माझी आई असते, माझे मामा असतात. हा मतभेद म्हणायचा का? मला तर तो माझ्या आईचा अपमान वाटतो, आणि "जाऊ दे, राजकारण आहे" असं म्हणून तो गिळायला मलाच सांगितलं जातं. जुळवून घ्यायचं ओझं नेहमी ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याच्याच खांद्यावर का?

मी काय केलं ते सांगते. गटावर उत्तर दिलं नाही. सासूबाईंना म्हटलं, यंदा माझ्याबरोबर चैत्यभूमीला चला. त्या आल्या. रांगेत आम्ही रात्रभर उभ्या होतो. पुढेमागे नांदेडच्या, यवतमाळच्या बाया, पिशवीत भाकरी-चटणी, त्यातली अर्धी त्यांनी सासूबाईंना दिली. सकाळी शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल बघून सासूबाई म्हणाल्या, "एवढी पुस्तकं घ्यायला लोक एवढ्या लांबून येतात होय!" घरी येऊन त्यांनी थोरल्या लेकाला काय सुनावलं ते मला माहीत नाही, मी स्वयंपाकघरात होते. तो संदेश पुन्हा आला नाही. दिराचं मत बदललंय असं मला मुळीच वाटत नाही. माझ्यासमोर तो बोलत नाही, आणि मला तेवढं पुरतं. मत त्याचं त्याच्यापाशी.

रोखठोक

निळी_पहाटशी शंभर टक्के सहमत, आणि मी आणखी पुढे जाईन. प्रत्येक नातं टिकवलंच पाहिजे हा हट्ट कशासाठी? माझ्या एका चुलतभावानं कोविडच्या काळात, आमच्या शेजारच्या मुस्लीम डॉक्टरांविषयी, ज्यांनी माझ्या वडिलांना ऑक्सिजन सिलिंडर मिळवून दिला होता, गावभर काहीबाही पसरवलं. मी त्याला समोर बसवून विचारलं. त्याला ते खोटं आहे हे माहीत होतं, तरी म्हणाला, "बाकीचे तसेच असतात ना." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. लग्नकार्यात समोर आला तर नमस्कार करतो आणि पुढे जातो. मला याचा पश्चात्ताप नाही. खोटं आहे हे कळूनही जो बोलतो त्याच्याशी चर्चा कशावर करणार?

ओवी

निळी_पहाट, तुझा प्रतिसाद नवऱ्याला आणि सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. सासरे बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी विचारलं की या मुलीला टोचलं तसं काही आपल्या गटावरही येत असेल का. मी म्हटलं, आपल्या गटावर अशी मुलगी नाही म्हणून येतंय आणि कुणाला टोचत नाही. यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.

रोखठोक, तुमचं पटलं. आमचे दोघे भाऊ खोटं बोलणारे नाहीत, त्यामुळे आमची केस वेगळी आहे.

जुना_वाचक

मी सत्तरीकडे झुकलोय, जरा लांबण लागेल.

आमचं गाव पुणे जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. वडिलांचा छोटा छापखाना होता. एक ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या केसेस आणि ती अक्षरं जुळवणारा एक कंपोझिटर. वडील जनसंघाचं काम करायचे. त्यांचे सख्खे थोरले भाऊ, आमचे अण्णाकाका, पक्के काँग्रेसवाले, तालुक्याच्या खरेदी-विक्री संघावर संचालक. आणीबाणी आली. १९७५ च्या हिवाळ्यात ठिकठिकाणी सत्याग्रह झाले, त्यात वडील पकडले गेले आणि येरवड्याला गेले. तिथे संघवाले, समाजवादी सगळे एकाच आवारात होते. मी शाळेत होतो, धाकटी बहीण तर जेमतेम चालायला लागली होती.

अण्णाकाकांनी आणीबाणीचं उघड समर्थन केलं. गाड्या वेळेवर धावतात, साठेबाज आत गेले, असं ते आमच्या आईसमोरही बोलायचे. आई त्यांना चहा द्यायची आणि आत जाऊन रडायची. आणि हेच काका रोज संध्याकाळी खरेदी-विक्री संघातून सुटले की थेट आमच्या छापखान्यात येऊन बसायचे. छापखान्याला कुलूप लागू नये म्हणून त्यांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते आम्हाला फार नंतर कळलं. त्यांना खिळे जुळवता येत नव्हते, प्रूफ तपासता येत नव्हतं. पण कागद आणणं, गिऱ्हाईक आणणं, कंपोझिटरचा पगार वेळेवर देणं हे सगळं त्यांनी केलं. लग्नपत्रिका छापल्या, सोसायट्यांची पावतीपुस्तकं छापली. आणि इंदिराबाईंच्या वीस कलमी कार्यक्रमाची पत्रकंसुद्धा छापली, तुरुंगात बसलेल्या माझ्या वडिलांच्या यंत्रावर.

वडील १९७७ च्या सुरुवातीला सुटून आले. छापलेल्या प्रत्येक कामाचा एक नमुना तारेला टोचून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. ती तार चाळताना त्यांच्या हाती ते पत्रक लागलं. दोन दिवस ते भावाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकांनी हिशेबाची वही आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. शाईचा डबा, रुळाची दुरुस्ती, कंपोझिटरची उचल, माझी फी, बहिणीचं औषध, सगळं काकांच्या बारीक अक्षरात, पैशापैशाचं. वडिलांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "हे काम मी कधी घेतलं नसतं. तू घेतलंस म्हणून पोरं जेवली." काका म्हणाले, "मी ते पोटासाठी घेतलं नाही, मला पटलं होतं म्हणून घेतलं." दोघेही खरं बोलत होते.

मार्चच्या निवडणुकीत जनता पक्षाची पत्रकं त्याच ट्रेडलवर छापली गेली, तेव्हा काका शेजारच्या खुर्चीत बसून त्यातल्या मजकुरावर हुज्जत घालत होते. आणीबाणी योग्य होती असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. वडिलांनी ते कधी मान्य केलं नाही आणि त्यांना माफही केलं नाही. मला वाटतं माफी हा विषयच त्यांच्यात नव्हता. काका गेले तेव्हा वडिलांनी छापखाना तेरा दिवस बंद ठेवला होता.

ओवीताई, भावांची मतं जुळतील याची वाट पाहू नका. त्या "खरी" शब्दावर थोरला एवढा का पेटला, ते कुणी त्याला विचारलंय का? पक्ष वेगळा म्हणून कुणी पुरणपोळीवरून उठत नाही. त्यामागे काहीतरी असणार.

मांडवीतीर

जुना_वाचक, दंडवत.

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे असं भांडण सगळ्या प्रदेशातच झालं होतं. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा. विलीनीकरणाला फूल, वेगळेपणाला दोन पानं. माझी आजी पेडण्याची, तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांना देव मानणारी, फुलाची. तिचा सख्खा भाऊ मडगावला शिक्षक, दोन पानांचा. दोघांची पत्रं मी वाचली आहेत. आजी मराठीत लिहायची, मामाआजोबा कोकणीत उत्तर द्यायचे, आणि दोघेही दुसऱ्याच्या भाषेला नावं ठेवायचे. १,७२,१९१ मतं दोन पानांना पडली, १,३८,१७० फुलाला. आजीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही असं आई सांगते.

पण गंमत अशी की दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि कौल हरलेला बांदोडकरांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष ती जिंकला, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे महाराष्ट्रात जायचं नाही असं सांगणाऱ्या कितीतरी लोकांनी राज्य करायला भाऊसाहेबच हवेत असंही सांगितलं. भीमथडींनी बारामतीचं जे लिहिलंय ते वाचून मला हेच आठवलं. मामाआजोबांनी त्या निवडणुकीत कुणाला मत दिलं हे त्यांनी बहिणीला कधी सांगितलं नाही. आजीला मात्र खात्री होती की त्यांनी भाऊसाहेबांनाच दिलं. या एका खात्रीवर ती वीस वर्षं आनंदात राहिली.

विदर्भकन्या

मी न्यू जर्सीत, आईबाबा नागपुरात. माझं आणि बाबांचं मुळीच पटत नाही. "तिकडे बसून तुला काय कळतंय" हे मी दर रविवारी ऐकते आणि त्यात तथ्यही आहे. तिथले खड्डे मी भोगत नाही.

एकच प्रसंग लिहिते. १९ एप्रिल २०२४, नागपूरचं मतदान, बाहेर रणरणतं ऊन. बाबा ८५ च्या पुढचे. त्या वर्षी त्या वयाच्या लोकांना घरून मत देता येत होतं, पण बाबा हटून बसले की केंद्रावरच जाणार. त्यांना घेऊन कोण गेलं? माझा आतेभाऊ, जो समोरच्या पक्षाचा बूथवर बसणारा कार्यकर्ता आहे. स्वतःचं टेबल तासभर दुसऱ्यावर सोपवून आला, व्हीलचेअर ढकलत त्यांना आत नेलं, परत आणलं, लिंबूपाणी पाजलं. बाबांचं मत कुठे जाणार हे त्याला पक्कं माहीत होतं. मी फोनवर त्याचे आभार मानले तर चिडला. म्हणाला, "मामा आहे तो माझा. आणि एक मत कमी करून निवडणूक जिंकायची असती तर मी या कामात पडलोच नसतो."

बांधावरून

शहरातल्या लोकांनी एकदा ग्रामपंचायतीची निवडणूक बघायला गावात यावं. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, कपबशी, शिट्टी, नारळ असली चिन्हं असतात, पण भावकी जेवढी तिथे फुटते तेवढी लोकसभेला फुटत नाही. २०२२ च्या डिसेंबरात आमच्या वॉर्डात महिला राखीव जागेवर माझी बायको एका पॅनेलकडून आणि चुलतभावाची बायको दुसऱ्याकडून. बारा मतांनी आम्ही पडलो. बारा मतं म्हणजे कोणती दोन घरं फिरली ते नावानिशी कळतं.

पण आमची विहीर सामाईक आहे, आठ आण्यांचा हिस्सा त्याचा, आठ आण्यांचा माझा. पाण्याची पाळी ठरलेली. मोजणीच्या आदल्या रात्री लाइट रात्रीची होती, पाळी माझी, आणि मी तालुक्याला अडकून पडलो. गव्हाला पाणी चुकलं असतं. पहाटे घरी आलो तर रान भिजलेलं. त्यानं मोटर चालू करून, वाफ्यांची दारं मोडून पाणी दिलेलं. दुसऱ्या दिवशी गुलाल उधळताना तोच माझ्या दारात मुद्दाम फटाके लावून गेला. दोन्ही खरं. फटाक्यांचा राग आजही आहे, पण विहिरीच्या बाबतीत त्यानंतर आमचा कधी शब्दानं शब्द वाढला नाही.

शहरात विहीर नसते ही अडचण आहे. दोघांना लागेल असं एखादं काम घरात आहे का बघा. आईचं औषधपाणी, गावच्या घराची डागडुजी, काहीही. बसून बोला म्हटलं की माणसं भांडतात. एकत्र काम करायला लागलं की निदान पान्हा दे, दोर धर एवढं तरी बोलतात.

ओवी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_वाचक, तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी थोरल्या मावसदिरांकडे एकटीच जाऊन आले. नवऱ्याला नेलं नाही. सरळ विचारलं, तो शब्द एवढा का लागला.

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. निवडणूक आयोगापुढे पक्षाचा दावा मांडायचा म्हणून २०२२ मध्ये शिवसैनिकांकडून बाँडपेपरवर प्रतिज्ञापत्रं लिहून घेतली जात होती, ते काम त्यांच्याकडे होतं. कामावरून आले की रात्री चाळी-चाळींतून फिरायचे, नोटरीकडे रांगा लावायचे, म्हाताऱ्या शिवसैनिकांना रिक्षातून न्यायचे. बऱ्याच बाँडचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. १७ फेब्रुवारी २०२३ ला निकाल आला तो आमदार-खासदार कुणाकडे जास्त, यावर. फाइलमध्ये प्रतिज्ञापत्रांच्या झेरॉक्स आहेत, एकेका नावावर बोट ठेवून ते मला सांगत होते की हा माणूस आता नाही, हा वारला. "आम्ही गोळा केलेल्या कागदाला किंमतच नव्हती, आणि माझा भाऊ मला पंगतीत सांगतो खरी कोणती." त्यांच्या बायकोलाही यातलं निम्मंच माहीत होतं.

मग धाकट्यांकडे गेले. त्यांची बाजू अशी की मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी पैसे कमी पडत होते, तेव्हा शिंदे गटाच्या माणसांनी रात्री धावपळ करून मदतीचे कागद मंजूर करून आणले. "मला कुणी पक्ष बदलायला सांगितलं नाही. पण त्या रात्री माझ्या शेजारी कोण उभं होतं ते मी विसरू?" भावानं पैसे विचारले नव्हते का, असं मी विचारलं. म्हणाले, "तो तेव्हा त्याच्या प्रतिज्ञापत्रांत होता, आणि मी त्याला सांगितलंही नाही. त्याच्याकडेही नव्हतेच."

दोघांनाही दुसऱ्याची ही बाजू माहीत नाही. एका आईची मुलं, दोन स्टेशनांच्या अंतरावर राहतात.

कोकणकडा

वाचून गलबलून आलं. मी पहिल्या प्रतिसादात "समजावून सांगा" असं लिहिलं होतं. समजावण्याआधी हे ऐकायला हवं होतं.

रोखठोक

ओवी, चांगलं काम केलंत. पण आता तुमच्या हातात दोघांचं गुपित आहे. एकाचं दुसऱ्याला सांगणार का? माझं मत विचाराल तर सांगून टाका. एवढ्याशा कारणासाठी वर्षं वाया घालवण्यात अर्थ नाही.

निळी_पहाट

मी म्हणेन सांगू नकोस. ऑपरेशनच्या वेळी पैसे कमी पडले हे धाकट्यानं भावापासून लपवलं ते कमीपणा वाटला म्हणून. ते तुझ्या तोंडून कळलं तर तो तुझ्यावर कायमचा रुसेल. आणि थोरल्याला असं वाटायला नको की आता मी भावाला समजून घेतलंच पाहिजे. त्याचा राग रास्त आहे, तो त्याला ठेवू दे.

ओवी

निळी_पहाट, मलाही तसंच वाटतंय. एकमेकांना मी काही सांगितलेलं नाही. मावससासूबाईंना मात्र दोन्ही बाजू सांगितल्या, त्या आई आहेत, कुठे किती बोलायचं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. बांधावरून यांचं वाचून त्यांनीच एक काढलं: त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन लांबणीवर पडलंय, ते आता करून घेणार आहेत, आणि रात्री थांबायला दोन्ही मुलांना आलटून पालटून बोलावणार आहेत. सकाळी सातला एकानं दुसऱ्याला औषधांचा कागद समजावून द्यायचा.

थोरले गौरीला येतो म्हणालेत. धाकट्यांचं अजून नक्की नाही.